न झालेल्या कामाचा मान

आमच्या भागात कुणी कुणाचे आभार मानत नाही. 'आभारी आहे' असं तोंडानं म्हटलं तर समोरचा बिचकतो, ह्याला आता काय पाहिजे म्हणून. हरणाबाईला मात्र आभाराची खोड आहे, आणि ती आभार तोंडानं नाही, हातानं मानते. मेंढरांना लस टोचायला डॉक्टर आला की आधी त्याच्या कपाळाला भंडारा, मग त्याच्या लशीच्या डब्याला भंडारा, मग तांब्याभर ताक. कळप ओलांडेपर्यंत एस.टी. थांबवली म्हणून एका ड्रायव्हरला तिनं दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर उभं राहून शेळीचा खरवस दिला. आतल्या प्रवाशांना वाटलं, गाडी बिघडली.

मला तिनं एकदा जिवंत कोंबडी दिली. कशाबद्दल ते मला आजही माहीत नाही. ती कोंबडी चार महिने माझ्या फ्रिजवर बसत होती.

मी साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि यजमानांच्या गावी, खिंडगावात, येऊन राहिले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातलं हे गाव. पूर्वी नुसतं गाव होतं, आता नगरपंचायत झाली. म्हणजे रस्ते तेच, कर नवे. आमचं घर गावाच्या अगदी कडेला. कुंपणापलीकडे गायरान सुरू होतं, त्याला सगळे माळ म्हणतात. माळाच्या त्या टोकाला हरणाबाई आणि तिचा नवरा कोंडीबा यांची दोन खोल्यांची वस्ती. धनगराचं घर. दिवाळी झाली की कळप घेऊन दोघं पश्चिमेला उतरतात, कऱ्हाडाकडच्या उसाच्या रानात मेंढरं बसवतात, पार पाटणच्या खोऱ्यापर्यंत जातात, आणि मिरगाच्या आधी परत येतात. पावसाळाभर मेंढरांना हा एकच माळ. बाकी सगळीकडे तेव्हा पिकं उभी असतात किंवा कुंपणं. माळ नाही तर कळप नाही, इतकं ते साधं आहे.

आणि त्याच माळावर नगरपंचायतीनं गावाचा कचरा ओतायला सुरुवात केली.

कचऱ्यासाठी वेगळी जागा नव्हती असं नाही. गावाच्या दुसऱ्या बाजूला भिंत घातलेलं आवार आहे, पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये यंत्र आहे. नारळ फुटला, फोटो निघाले, कुलूप लागलं. का, तर यंत्राला वीजजोडणी मिळाली नाही. कचऱ्याला नुसतं पडून राहायला वीज कशाला लागते, हा प्रश्न मी कचेरीत जाऊन विचारला. त्यावर मला अर्ज करायला सांगितलं.

मी अर्ज केले. मराठी बरं आहे माझं. नगरपंचायतीनं कळवलं, गायरान महसूल खात्याचं, तहसीलला लिहा. तहसीलनं कळवलं, जमीन आमची पण कचरा नगरपंचायतीचा. प्रदूषणवाल्यांनी कळवलं की मेंढरांचा विषय पशुसंवर्धनाकडे येतो. पशुसंवर्धनानं अगदी सौजन्यानं कळवलं की प्लास्टिक हा रोग नसल्यामुळे त्यावर लस उपलब्ध नाही. मधल्या काळात एक काम मात्र झालं. 'येथे कचरा टाकू नये' असा मोठा फलक माळावर लागला. ट्रॅक्टरवाल्यांना खूण सापडली. सगळ्या ट्रॉल्या फलकापाशीच रिकाम्या व्हायला लागल्या आणि वर्षभरात फलक गाडला गेला.

कचरा पेटायचा, धूर माझ्या घरात यायचा. मी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायची. पण माझं काय, खोकून खोकून मी किती खोकणार? हरणाबाईच्या दोन गाभण मेंढ्या मेल्या. डॉक्टरनं पोट फाडलं तर आत पिशव्यांचा गोळा, माझ्या उशीएवढा. हरणाबाई तो गोळा हातात घेऊन बराच वेळ बसली होती. रडली नाही. म्हणाली, "बाई, येवढं प्वाट भरल्यालं दिसायचं, मला वाटायचं दोन दोन कोकरं हायती."

तिचा मुलगा मल्हार पुण्याकडे कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. तो आला आणि त्यानं सांगून टाकलं, आता पुरे. कळप विकायचा. जतकडचा एक व्यापारी त्यानं बोलून ठेवला. हरणाबाईनं एक सवलत मागून घेतली. म्हणाली, "ही एक खेप जाऊन येतो. आल्यावर माळ असाच असला, तर दे इकून. मी पुण्याला येऊन तुज्या गॅलरीत बसते." कोंडीबा फारसा बोलत नाहीच. तो ढोल वाजवतो.

ती जाण्याआधी मी तिच्या नावानं सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकली. मोबाईल नंबर माझा दिला, कारण तिचा फोन खोऱ्यात गेला की लागत नाही.

पौषात संदेश आला. मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. त्याच वेळी योगायोगानं हरणाबाईचा फोन आला, कुणा शेतकऱ्याच्या मोबाईलवरून, खुशाली विचारायला. मी तिला संदेश मोठ्यानं वाचून दाखवला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. गायरानातील कचरा उचलण्यात आला असून परिसर स्वच्छ करण्यात आला आहे." आणि वर म्हटलं, "ऐकलंस का हरणाबाई? माळ आरशासारखा झाला म्हणे!"

ती हसेल असं मला वाटलं होतं. पलीकडून हुंदका आला. मग, "बिरोबा पावला वं बाई! सरकार पावलं!"

"अगं नाही, हे नुसतं लिहिलंय..." मी ओरडले, पण खोऱ्यातली रेंज गेली ती गेलीच. नंतर कितीदा फोन लावला. तिचा बंद, आणि तो शेतकरी उचलायचा आणि मेंढरांचा तळ काल हलला म्हणून सांगायचा.

जूनच्या सुरुवातीला, मंगळवारी, बाजाराच्या दिवशी फोन वाजला.

"बाई, आमी आलोय. कचेरीत या बिगी बिगी."

"कुठल्या कचेरीत?"

"नगरपंचायतीत. सायबाचा मान हाय. माळ साफ करून दिला न्हवं त्येनी!"

"अगं थांब, तू माळ पाहिलास का?"

"आदी मान, मग माळ," ती म्हणाली, आणि मागून ढोलावर टिपरू पडलं. पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी पायात चप्पल अडकवली, वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जागा करून घेतली आणि निघाले. यांच्यात पद्धत आहे. दुसऱ्याच्या रानात कळप घालायचा तर आधी त्या रानाच्या धन्याचा मान करायचा, आणि पहिली मेंढी धन्याच्या हातानं सोडायची. त्याशिवाय कळप आत घालत नाहीत. माळ मोकळा करून दिला सायबानं, म्हणजे आता माळाचा धनी सायब. तिच्या हिशोबात तसूभर चूक नव्हती. चूक होती ती फक्त संदेशात.

नगरपंचायतीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा कळप आत. 'माझं खिंडगाव' असं लिहिलेल्या, फोटो काढायच्या कमानीखाली म्हातारा मेंढा बसला होता. बाजाराला आलेली माणसं कुंपणावर चढून बघत होती. कोंडीबा ढोल वाजवत पायरीवर. आणि आत, साहेबांच्या केबिनमध्ये, हरणाबाई.

मुख्याधिकारी ऋषिराज साहेब. तिशीतला पोरगा, परीक्षा देऊन आलेला, नेमणुकीला पाच-सहा महिने झालेले. उभा राहिला होता बिचारा. हरणाबाईनं त्याच्या खांद्यावर नवं कोरं काळं घोंगडं टाकलं होतं, जूनच्या उकाड्यात. आपल्याच मेंढरांची लोकर, वाटेनं चालता चालता तिनं कातलेली, आणि सणगराकडून विणून घेतलेलं. भंडारा त्याच्या कपाळावर, निळ्या शर्टावर, कीबोर्डवर, टेबलावरच्या फायलींवर.

"कोणत्या कामाबद्दल, आजी?" साहेब विचारत होते.

"लाजताय व्हय सायब? आवं, माळावरचा उकिरडा उचललासा की! आमची मेंढरं जगवलीसा. लेकराबाळांनी घर भरू दे तुमचं!"

"माझं लग्न व्हायचंय अजून."

"मग ते बी हुईल. काळं घोंगडं अंगावर घेतलंय, आता काय अडतंय!"

कुंपणावरची माणसं हसली. साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या धनाजीकडे पाहिलं. धनाजी हा स्वच्छता निरीक्षक. धनाजीनं पंख्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "जानेवारीतच निकाली काढलंय साहेब. शंभर टक्के निपटारा."

साहेबांचा चेहरा फुलला. खरं सांगते, मला त्या क्षणी त्या पोराची दया आली. रोज भांडायला येणारी माणसं बघितलेला तो. कुणी आभार मानायला आलेलं त्यानं कधी पाहिलं नसावं. त्यानं प्रशासन आणि लोकसहभाग यांवर चार वाक्यं बोलून घेतली. मोबाईलवर फोटो निघाले.

"चला आता," हरणाबाई म्हणाली.

"कुठे?"

"माळावर. पैली मेंढी धन्याच्या हातानं सोडायची असती."

धनाजीच्या चेहऱ्यावरचा भंडारा सोडून बाकी सगळा रंग उडाला. "साहेबांना व्हीसी आहे," तो घाईनं म्हणाला. "कलेक्टर ऑफिसची. लांब चालते."

"हुंदे की."

"मग दुपारी दौरा आहे."

"त्यो बी हुंदे. आमी बसतो. मेंढरं हितंच बसत्यात, गरीब हायती, कुणाला काय म्हणायची न्हाईत." आणि ती खरोखरच व्हरांड्यात जाऊन बसली, चाती काढली आणि लोकर कातायला लागली.

साहेबांनी मला आत बोलावलं. "मॅडम, तुम्ही त्याच बाजूला राहता ना? माळ..."

"साहेब, खिडकी उघडा," मी म्हटलं. "वारा आज तिकडूनच आहे."

त्यांनी खिडकी उघडली. लांब, घरांच्या वर, धुराची काळी रेघ सरळ दिसत होती. वासही आला. त्यांनी खिडकी लावली, खुर्चीत बसले आणि घोंगडं अंगावर आहे हे विसरून गेले. घामानं निथळत होते. मग धनाजीला हाक मारली. दार लावून काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण धनाजी बाहेर आला तो पळतच.

इथून पुढे जी गंमत झाली ती मी व्हरांड्यात हरणाबाईशेजारी बसून ऐकली. जेसीबी बोलवायचा, ट्रॅक्टर लावायचे, हे ठरलं. पण लेखा विभागातल्या बाईंनी पाय रोवले. त्यांचं म्हणणं, कचरा जानेवारीत उचलून झालेला आहे. जो कचरा नाही तो उचलायला डिझेल कसं देऊ? धनाजी म्हणाला, कचरा आहे हो, जाऊन बघा. त्या म्हणाल्या, मग निकाली काढला तो कुठला? ऑडिटला काय दाखवू? एकतर आधीचं खोटं लिहून द्या, नाहीतर आत्ताचं. दोन्हींपैकी एकही खोटं आहे असं लिहून द्यायला कुणी तयार होईना. शेवटी साहेबांनीच वाट काढली. माळावर कार्यक्रम आहे. कार्यक्रमाला मान्यवर येणार आहेत. मान्यवर आले की आधी परिसराची स्वच्छता करायची, त्याची तरतूद असतेच. मान्यवर कोण, तर ते स्वतः.

कचरा न्यायचा होता त्या कुलूप लावलेल्या शेडच्या आवारात, पण किल्ली मिळेना. ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदार यात्रेला गेला होता. कोंडीबानं ढोल खाली ठेवला, जाऊन कुलूप बघितलं आणि परत येऊन एकच वाक्य बोलला, "गंजून गेलंय, हात लावला तर निगल." निघालं.

मेंढरं कचेरीच्या आवारातच मुक्कामाला राहिली. कमानीभोवतीच्या कुंड्या त्यांनी पहिल्याच दुपारी मोकळ्या केल्या. हिरवळ तर दिसेनाशी झाली. बाजारकरी जाता जाता उरलीसुरली कोबीची पानं, मुळ्याचा पाला टाकून जात होते. कचेरीचा माळी मात्र खूष, त्याला फुकटचं लेंडीखत मिळालं. आणि हरणाबाई? ती कुणावर चिडली नाही, कुणाला जाब विचारला नाही. तिनं आभार मानले. पहिला ट्रॅक्टर भरून रस्त्यानं गेला, तिनं पळत जाऊन त्याच्या बॉनेटला भंडारा लावला. जेसीबीच्या पंजाला लावला. ड्रायव्हरला म्हणाली, "तुजं लय उपकार हायती बाबा." तो ड्रायव्हर मला नंतर भेटला. म्हणाला, "बाई, वीस वर्सं जेसीबी चालवतोय, पण असा गळ्यात पडणारा माणूस बघितला न्हाई. मग मी बी खालची माती दिसंस्तवर खरवडला." धनाजीच्या बायकोला तिनं लोकर पाठवली. धनाजी स्वतः जाऊन ट्रॉल्या मोजत उभा राहिला. लाजेनं की भीतीनं, मला त्याच्याशी काय करायचंय? उभा राहिला हे खरं.

गुरुवारी सकाळी ऋषिराज साहेब माळावर आले. कचरा गेला होता. खाली काळी पडलेली जमीन होती, राख होती, आणि मध्यभागी तो गाडलेला फलक पुन्हा उभा दिसत होता, अर्धा जळलेला. साहेबांनी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. हरणाबाईनं एक पांढरी मेंढी त्यांच्या हातात दिली. मेंढी कशी धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती मांजरासारखी छातीशी धरली, तिनं लाथा झाडल्या आणि ती सुटून पळाली.

"सुटली की!" साहेब घाबरून म्हणाले.

"सुटायचंच असतंय सायब," कोंडीबा म्हणाला, आणि ढोल सुरू केला.

सगळा कळप तिच्या मागं माळावर पसरला. मी गेली कित्येक वर्षं नगरपंचायतीच्या माणसांविषयी चांगला शब्द उच्चारला नव्हता. त्या दिवशी मी साहेबांना घरी नेऊन पोहे खायला घातले, आणि खिडक्या उघड्या ठेवून घातले. धनाजीलाही. त्यानं दोनदा मागून घेऊन खाल्ले.

साहेब गेल्यावर मी हरणाबाईला सरळ विचारलं. मला मनात ठेवून बसता येत नाही. "खरं सांग. तुला माहीत होतं ना, माळ साफ झाला नव्हता?"

"पाटणला हुतो तवर न्हवतं म्हाईत. तुमीच तर वाचून दावलासा."

"आणि इकडे आल्यावर?"

ती चाती फिरवत राहिली. "खिंड उतरलो, तवाच वास आला की वं."

"मग? तरी मान करायला गेलीस?"

"मग काय करायचं? घोंगडं तर सायबाच्या नावानं इणून झालं हुतं. ते का परत उसवायचं?" मग म्हणाली, "आणि बाई, भांडून तुमी बघितलंसाच की."



आज तीन महिने झाले, गावाचा कचरा त्या शेडच्या आवारात जातोय. यंत्र अजून बंदच आहे, विजेचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे. पोर्टलवर मला नवा संदेश आला, 'आपण सेवेबाबत समाधानी आहात का?' मी 'होय' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाच्या नावानं दाबलं ते मला माहीत आहे.

साहेब माळावर येऊन गेले त्याच आठवड्यात, शनिवारी, मल्हार पुण्याहून आला होता. व्यवहार पुरा करायचा म्हणूनच आला होता, माळ साफ झाला हे आईनं फोनवर सांगितलेलं त्याला पटलं नव्हतं. माळ बघून आला आणि अंगणात नुसता उभा राहिला. मोठा कचरा गेला, पण वाऱ्यानं उडालेल्या पिशव्या बाभळीच्या काट्यांना अजून लोंबत होत्या. शेकड्यांनी. ते कुठल्याच जेसीबीचं काम नाही. हरणाबाई सकाळपासून एकेक सोडवून पोत्यात भरत होती, मेंढरं तिच्या मागंमागं. मीही काठी घेऊन गेले होते, खालच्या फांद्यांवरच्या काढत होते. मल्हारनं थोडा वेळ बघितलं, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुढच्या झाडाला लागला.

दोन झाडं मोकळी झाल्यावर तो म्हणाला, "आई, जतचा टेंपो सोमवारी येनार हुता. नगं म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," हरणाबाई म्हणाली. "ती वरची पिशवी काढ की रं. माजा हात पुरत न्हाई."